दिलदार खेळाडू रॉबेर्तो क्लेमेन्ते

अटलांटिक महासागर आणि कॅरिबियन समुद्र यांच्या दरम्यान प्वेर्तो रिको नावाचे एक बेट आहे. त्याची लांबी पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. मधोमध डोंगरांची रांग आणि सभोवार माडांनी नटलेले किनारे असे त्याचे रूप आहे. सुमारे चारशे वर्षे या बेटावर स्पेनची सत्ता होती. १८९८ साली ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ताब्यात गेले आणि १९१७ साली तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. परंतु त्यांची भाषा मात्र स्पॅनिशच राहिली. त्या काळी उसाच्या शेतीवर तेथील लोकांचे पोट चाले आणि बेसबॉलच्या खेळात त्यांचे मन रमे. या बेटाची राजधानी सान हुआन. तिच्या जवळच असलेल्या कारोलिना या गावी १८ ऑगस्ट १९३४ रोजी रॉबेर्तो क्लेमेन्ते याचा जन्म झाला.

सात भावंडांत रॉबेर्तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील मेल्चोर क्लेमेन्ते उसाच्या मळ्यावर मुकादम होते. उन्हातान्हात मजुरांबरोबर राबावे आणि मिळेल त्या पैशांत संसार चालवावा, असा त्यांचा दिनक्रम असे. आई लुइसा ही घरचे काम सांभाळून दुसऱ्यांचे कपडे धुण्याचे काम करी. घरात श्रीमंती नव्हती, तरी शिस्त होती आणि माया होती. कष्टाने मिळवलेलाच पैसा आपला, ही शिकवण मुलांना आईवडिलांच्या वागण्यातूनच मिळे. लहान रॉबेर्तोला एकदा सायकल हवीशी वाटली. वडिलांनी ती विकत आणून दिली नाही. ती स्वतः कमवावी, असे त्यांनी सुचवले. तेव्हा त्या मुलाने शेजाऱ्यांसाठी दुधाचे जड डबे वाहून आणण्याचे काम धरले. एकेक नाणे साठवत कितीतरी दिवसांनी त्याने एक जुनी सायकल विकत घेतली.

परंतु सायकलीपेक्षाही त्याचा जीव जडला होता तो बेसबॉलवर. हा खेळ काही अंशी क्रिकेटसारखा आहे. यात दोन संघ असतात आणि प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. एका संघाचा खेळाडू वेगाने चेंडू फेकतो आणि दुसऱ्या संघाचा खेळाडू गोल बॅटने तो टोलवतो. चेंडू टोलवला की त्याने पहिल्या बेसकडे धाव घ्यायची. अशा रीतीने चारही ठाणी पार करून तो सुखरूप परत आला म्हणजे त्याच्या संघाला एक धाव मिळते. चेंडू मैदानाच्या कुंपणाबाहेर गेला, तर त्या फटक्याला होमरन म्हणतात. चेंडू अत्यंत वेगाने येत असल्यामुळे तो नीट टोलवणे फार कठीण असते. दहा वेळांपैकी तीन वेळा ज्याला यश येते, तो उत्तम फलंदाज समजला जातो.

कारोलिनाच्या मुलांजवळ या खेळाचे साहित्य कोठून असणार? पेरूच्या झाडाची फांदी हीच त्यांची बॅट, चिंध्यांचा घट्ट गोळा हाच त्यांचा चेंडू आणि कॉफीच्या पोत्याचा तुकडा हाच त्यांचा हातमोजा. एवढ्या सामग्रीवर त्यांचा खेळ सूर्यास्तापर्यंत रंगे. घरी असतानाही रॉबेर्तो स्वस्थ बसत नसे. एक रबरी चेंडू हातात घेऊन तो दाबत राही, भिंतीवर फेकी आणि पुन्हा झेली. यामुळे त्याच्या मनगटात आणि पंजात विलक्षण बळ आले.

एके दिवशी रॉबेर्तो मारीन नावाच्या शिक्षकांनी काही मुलांना काठीने पत्र्याचे डबे टोलवताना पाहिले. त्यांतील एका मुलाचा प्रत्येक फटका लांब जात होता. तो मुलगा म्हणजे क्लेमेन्ते. मारीन यांनी त्याला एका तांदूळ विकणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टबॉल संघात घेतले. शाळेत असताना क्लेमेन्ते भालाफेकीतही निष्णात झाला. भाला फेकताना खांदा, कंबर आणि पाय यांचा जो मेळ साधावा लागतो, तो त्याला पुढे बेसबॉलच्या मैदानावर फार उपयोगी पडला. १९५२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सान्तुर्से या व्यावसायिक संघाने त्याला आठवड्याला ४० डॉलर वेतनावर आपल्याकडे घेतले. उसाच्या मळ्यातील मुकादमाचा मुलगा आता पगारी खेळाडू झाला.

त्याची कीर्ती हळूहळू समुद्रापार गेली. अमेरिकेतील सर्वांत वरच्या श्रेणीच्या स्पर्धांना मेजर लीग म्हणतात. त्या स्पर्धांत खेळणाऱ्या ब्रुकलिन डॉजर्स या संघाने १९५४ साली १०,००० डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले. या संघाचे नाव त्या काळी विशेष गाजलेले होते. कारण १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूला मैदानात उतरवून याच संघाने मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत फोडली होती. मात्र डॉजर्सने क्लेमेन्तेला प्रथम कॅनडातील माँट्रियल येथे आपल्या दुय्यम संघात पाठवले. तेथील हवा थंड, भाषा परकी आणि खेळण्याची संधी अपुरी! तरुण क्लेमेन्तेचे मन तेथे रमेना. नियमानुसार मोठी रक्कम देऊन घेतलेला खेळाडू दुय्यम संघात ठेवल्यास हंगामाच्या शेवटी दुसऱ्या संघाला त्याची निवड करता येत असे. पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ त्या वर्षी तळाशी होता, म्हणून निवडीचा पहिला हक्क त्याचा होता. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्याने ४,००० डॉलर देऊन क्लेमेन्तेला निवडले. पुढे अठरा हंगाम क्लेमेन्ते याच एका संघासाठी खेळला.

पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तेथे जाण्यापूर्वीच क्लेमेन्तेवर एक आपत्ती ओढवली. १९५४ सालच्या अखेरीस, मृत्युशय्येवर असलेल्या आपल्या भावाला भेटून परतताना, त्याच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची जोराची धडक बसली आणि त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ही व्यथा त्याला जन्मभर पुरली. फलंदाजीस उभे राहण्यापूर्वी तो मान डावीउजवीकडे वळवून मोकळी करून घेई. कित्येक लोक त्याच्या या सवयीची थट्टा करीत. दुखण्याचा तो बाऊ करतो, असेही काही वार्ताहर लिहीत. तरीही तो वर्षानुवर्षे खेळत राहिला.

शारीरिक वेदनेपेक्षाही अपमानाची वेदना अधिक तीव्र होती. हंगामापूर्वीच्या सरावासाठी संघ अमेरिकेच्या दक्षिणेकडील फ्लॉरिडा संस्थानात जाई. तेथे गोऱ्या आणि काळ्या लोकांना वेगळे ठेवण्याची दुष्ट रूढी होती. संघातील गोरे खेळाडू चांगल्या हॉटेलात उतरत. क्लेमेन्ते आणि त्याचे कृष्णवर्णी सहकारी यांना मात्र तेथे प्रवेश नसे. प्रवासात गोरे खेळाडू उपाहारगृहात बसून जेवत आणि इतरांना बसमध्येच बसून राहावे लागे. मैदानावर एका संघाचे असलेले खेळाडू मैदानाबाहेर असे विभागले जात. क्लेमेन्तेला हे सहन होत नसे. बसमध्ये आणून दिलेले अन्न मुकाट्याने खाण्यास तो तयार नव्हता. या वागणुकीविरुद्ध त्याने संघाच्या चालकांकडे पुन्हा पुन्हा गाऱ्हाणे मांडले.

त्याच्या भाषेचीही हेटाळणी होई. इंग्रजी ही त्याची शिकून घेतलेली भाषा. त्यामुळे त्याचे उच्चार वेगळे असत. काही वृत्तपत्रे ते उच्चार मुद्दाम जसेच्या तसे छापून त्याला हास्यास्पद करीत. इतकेच नव्हे, तर रॉबेर्तो हे नाव टाकून त्याला बॉब असे म्हणण्याची प्रथा पडली. खेळाडूंच्या चित्रांवरसुद्धा तेच नाव छापले जाई. परंतु आईवडिलांनी दिलेले नाव आणि आपली मातृभाषा यांची त्याला लाज वाटत नव्हती. आपले नाव रॉबेर्तो आहे, असे तो प्रत्येकाला शांतपणे परंतु ठामपणे सांगे. त्याच्या सदऱ्यावर २१ हा क्रमांक असे. आईचे माहेरचे नाव धरून रॉबेर्तो क्लेमेन्ते वॉकर असे त्याचे पूर्ण नाव रोमन लिपीत लिहिले, तर त्यात एकवीस अक्षरे येतात.

अपमानाला त्याने खेळानेही उत्तर दिले. मैदानाच्या उजव्या टोकाला उभे राहून तो क्षेत्ररक्षण करी. दूरवर गेलेला चेंडू तो धावत जाऊन, कधी घसरत, तर कधी कुंपणावर आदळून अडवी आणि क्षणार्धात थेट तिसऱ्या किंवा अखेरच्या बेसवर फेकी. एरवी जेथे सहज धाव मिळाली असती, तेथे त्याच्याकडे चेंडू गेलेला पाहून प्रतिपक्षाचे खेळाडू जागच्या जागी थबकत. उत्तम क्षेत्ररक्षकास सोनेरी हातमोज्याचे पारितोषिक देण्याची तेथे पद्धत आहे. १९६१ ते १९७२ या काळात सलग बारा वर्षे ते क्लेमेन्तेला मिळाले.

१९६० साली पायरेट्स संघाची गाठ न्यूयॉर्कच्या यँकीज या बलाढ्य संघाशी पडली. अमेरिकेतील अजिंक्यपदाच्या या सात सामन्यांच्या मालिकेला वर्ल्ड सीरीज म्हणतात. तळाशी असलेला पिट्सबर्गचा संघ सहा वर्षांत येथवर आला होता. तो सातवा सामना जिंकून अजिंक्य ठरला. क्लेमेन्तेने सातही सामन्यांत यशस्वी फटके मारले होते. तरीही त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी वार्ताहरांनी जी मते दिली, त्यांत त्याला आठवे स्थान मिळाले. हा अन्याय त्याच्या मनाला लागला. पण त्याने चडफडत वेळ घालवला नाही. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या लीगमधील फलंदाजीचे अग्रस्थान पटकावले. दर हजार वेळांमागे ३५१ यशस्वी फटके असे त्याचे त्या वर्षीचे प्रमाण होते. १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षीही हे अग्रस्थान त्याच्याकडेच आले आणि १९६६ साली लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

एप्रिल १९६८ मध्ये निग्रो जनतेचे थोर नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. क्लेमेन्ते त्यांना प्रत्यक्ष भेटलेला होता आणि त्यांच्याविषयी त्याला नितांत आदर होता. हंगामाचा पहिला सामना अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, ठरला होता. क्लेमेन्ते आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किंग यांचा अंत्यविधी होईपर्यंत खेळण्यास नकार दिला. गोरे खेळाडूही या निर्णयात सामील झाले आणि सामना पुढे ढकलावा लागला. पूर्वी ज्याला आपल्या सहकाऱ्यांसह बसमध्ये बसवून ठेवले जाई, त्याच्या शब्दाला आता सर्व संघ मान देऊ लागला होता.

१९६४ साली कारोलिना येथे व्हेरा साबाला हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. पुढे त्यांना तीन मुलगे झाले. हंगाम संपला की क्लेमेन्ते प्वेर्तो रिकोला परत येई आणि गावोगावच्या गरीब मुलांना खेळ शिकवी. अमेरिकेत सामन्यांसाठी ज्या ज्या शहरी तो जाई, तेथील रुग्णालयांत जाऊन आजारी मुलांची विचारपूस करी. मात्र या भेटींचा गाजावाजा होऊ देत नसे. गरीब मुलांना खेळता यावे, शिकता यावे आणि वाईट मार्गापासून दूर राहता यावे, यासाठी आपल्या बेटावर एक क्रीडानगरी उभारावी, हे त्याचे आवडते स्वप्न होते. दुसऱ्याचे भले करण्याची संधी असून जो ते करीत नाही, त्याचे जगणे वाया गेले, अशी त्याची श्रद्धा होती.

१९७१ साली पायरेट्स संघ पुन्हा वर्ल्ड सीरीजमध्ये पोहोचला. क्लेमेन्ते आता सदतीस वर्षांचा झाला होता. बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले, तेव्हा पिट्सबर्गची आशा संपली असे अनेकांना वाटले. क्लेमेन्ते मात्र डगमगला नाही. त्याने याही वेळी सातही सामन्यांत फटके मारले. अखेरच्या सामन्यात त्याने होमरन केली आणि पायरेट्सने तो सामना दोन विरुद्ध एक धावेने जिंकला. मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला. लॅटिन अमेरिकेतील खेळाडूस हा मान प्रथमच मिळत होता. विजयानंतर दूरचित्रवाणीवर त्याची मुलाखत झाली. साऱ्या अमेरिकेचे लक्ष त्याच्याकडे लागलेले असताना त्याने प्रथम स्पॅनिश भाषेत बोलून दूर बेटावर असलेल्या आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. ज्या भाषेची थट्टा झाली होती, ती त्या दिवशी घरोघर ऐकू गेली.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९७२ रोजी, त्याने मेजर लीगमधील आपला ३,००० वा यशस्वी फटका मारला. तोवर केवळ दहा खेळाडूंनी हा टप्पा गाठला होता. नियमित हंगामातील त्याचा तो अखेरचा फटका ठरेल, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होते?

त्यानंतर काही आठवड्यांनी निकाराग्वा देशात हौशी खेळाडूंची जागतिक बेसबॉल स्पर्धा भरली. प्वेर्तो रिकोच्या राष्ट्रीय संघाचा व्यवस्थापक म्हणून क्लेमेन्ते तेथे गेला. बेसबॉलमध्ये व्यवस्थापकाची जबाबदारी मोठी असते. कोणी खेळावे, कोणत्या क्रमाने खेळावे, चेंडू फेकणारा केव्हा बदलावा, हे सारे त्यालाच ठरवावे लागते. यापूर्वी मायदेशातील एका व्यावसायिक संघाचे व्यवस्थापन त्याने केले होते. आता देशाच्या नवोदित खेळाडूंना घडवण्याचे काम त्याच्याकडे आले. स्पर्धेत विजेतेपद क्यूबाला मिळाले. परंतु मानाग्वा या राजधानीत राहत असताना क्लेमेन्तेने तेथील लोकांची मने जिंकली. तो गोरगरिबांत फिरे आणि त्यांची सुखदुःखे जाणून घेई. तेथील एका रुग्णालयात दोन्ही पाय गमावलेला एक मुलगा त्याला भेटला. त्याला कृत्रिम पाय मिळावेत, यासाठी क्लेमेन्तेने साहाय्य केले.

तो घरी परतून फार दिवस झाले नव्हते. २३ डिसेंबर १९७२ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मानाग्वाला भूकंपाचा भयंकर धक्का बसला. शहराचा मध्यभाग जमीनदोस्त झाला, हजारो माणसे दगावली आणि दोन लाखांहून अधिक लोक निराधार झाले. ज्या रस्त्यांवरून तो हिंडला होता, ज्या लोकांशी तो बोलला होता, त्यांची आठवण त्याला स्वस्थ बसू देईना. नाताळचा सण बाजूला ठेवून त्याने मदतीचे काम अंगावर घेतले. सान हुआनमधील बिथॉर्न क्रीडांगणात अन्न, कपडे आणि औषधे यांचे ढीग जमू लागले. तो स्वतः लोकांकडे जाऊन मदत मागे आणि स्वतः खोकी उचली.

मदतीची पहिली विमाने निकाराग्वाला गेली. परंतु ते साहित्य तेथील सत्ताधारी सोमोसा याचे सैनिक अडवून ठेवतात आणि गरजूंना मिळू देत नाहीत, अशा वार्ता येऊ लागल्या. तेव्हा आपण स्वतः सोबत गेलो, तर कोणी साहित्याला हात लावणार नाही, असे क्लेमेन्तेला वाटले. ३१ डिसेंबरच्या रात्री नऊनंतर तो एका जुन्या चार इंजिनांच्या विमानाने निघाला. त्या विमानात मर्यादेपेक्षा चार हजार पौंडांहून अधिक ओझे भरलेले होते आणि त्याची निगाही नीट राखलेली नव्हती, हे पुढे चौकशीत दिसून आले. विमानाने आकाशात झेप घेतली आणि लगेच त्याच्या यंत्रात बिघाड झाला. थोड्याच वेळात ते किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. आतील पाचही जण मृत्यू पावले. त्या वेळी क्लेमेन्ते अवघा अडतीस वर्षांचा होता.

नववर्षाची पहाट प्वेर्तो रिकोवर उगवली ती शोक घेऊनच. हजारो लोक समुद्रकिनारी जमले आणि लाटांकडे पाहत राहिले. त्याचा सहकारी खेळाडू मॅनी सांगियेन स्मृतिसभेलाही गेला नाही. त्या वेळी तो आपल्या मित्राच्या शोधासाठी समुद्रात बुड्या मारीत होता. परंतु क्लेमेन्तेचा देह अखेरपर्यंत सापडला नाही.

अमेरिकेतील थोर बेसबॉलपटूंच्या कीर्तिमंदिरात निवड होण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षे जावी लागत. क्लेमेन्तेसाठी हा नियम बाजूला ठेवण्यात आला आणि १९७३ साली त्याचा समावेश झाला. हा सन्मान मिळालेला लॅटिन अमेरिकेतील तो पहिला खेळाडू होय. पायरेट्स संघाने त्याचा २१ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. समाजसेवा करणाऱ्या खेळाडूस मेजर लीगतर्फे दर वर्षी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला त्याचे नाव देण्यात आले. क्रीडानगरीचे त्याचे स्वप्नही पुढे कारोलिना येथे साकार झाले. त्याच्या पत्नीने ते काम अनेक वर्षे निष्ठेने सांभाळले आणि हजारो मुले तेथील मैदानांवर खेळली.

क्लेमेन्तेला स्वतःचा अपमान जितका झोंबे, तितकेच दुसऱ्याचे दुःखही झोंबे. म्हणूनच त्याचा स्वाभिमान कधी गर्व झाला नाही. आपल्या नावाचा, भाषेचा आणि वर्णाचा मान राखला जावा, असे त्याला वाटे; आणि परक्या देशातील अनोळखी माणसाच्या तोंडचा घासही कोणी हिरावून घेऊ नये, असेही त्याला तितक्याच तळमळीने वाटे. मैदानावरील त्याचे विक्रम मोडतील, काही मोडलेही आहेत. परंतु लोकांच्या अंतःकरणात त्याने मिळवलेले स्थान अजून अढळ आहे.